बाटलीवरचं साल

सप्टेंबर १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून बर्फ घेऊन कोलकात्याला पोचलं, आणि तिथल्या साहेब लोकांच्या संध्याकाळच्या पेल्यात बर्फ पडू लागला. त्या काळी पेल्यात असायची 'ब्रँडी-पानी': फ्रान्सहून आलेली ब्रँडी आणि वर पाणी, पुढे सोडा. क्लबात, छावणीत, निळीच्या मळेवाल्यांच्या बंगल्यावर, सगळीकडे हेच पेय. शतक सरता सरता ते मागे पडलं आणि त्याची जागा व्हिस्की-सोड्याने घेतली. याचं एक मोठं कारण कोलकात्यापासून हजारो मैलांवर घडत होतं. फ्रान्समधल्या द्राक्षवेलींच्या मुळांना फिलॉक्सेरा नावाची मावाजातीची कीड लागली, १८७० नंतरच्या दोनेक दशकांत बागाच्या बागा वाळल्या, ब्रँडीचा पुरवठा आटला आणि स्कॉटलंडच्या व्हिस्कीला मोकळं रान मिळालं.

त्या ब्रँडी-पानीतली ब्रँडी कोणत्या सालची, हे कुणी विचारत नसे. पिंपातून आली, पाण्यात मिसळली, प्याली. आपल्याकडेही ब्रँडीशी ओळख झाली ती अशीच बिनसालाची, आणि मराठी घरात तर औषधाच्या कपाटातली: सर्दी झाली की गरम पाण्यातून दोन चमचे. म्हणूनच कुणा नातेवाइकाच्या सामानातून एखाद्या फ्रेंच शेतकरी घराण्याची बाटली कोलकात्याच्या किंवा पुण्याच्या घरी येते, लेबलावर घराण्याचं नाव, खाली 'आर्मान्याक' आणि मध्यभागी मोठ्या आकड्यांत '१९८५' असं दिसतं, तेव्हा आपण थबकतो. हे साल कसलं? द्राक्षाचं, भट्टीचं की बाटलीचं? आणि आज ही ब्रँडी किती वर्षांची धरायची? उत्तर समजून घ्यायचं तर वेलीपासून सुरुवात करावी लागते.

लहान शेताची ब्रँडी

द्राक्षाच्या ब्रँडीची फ्रान्समधली दोन नावं जगभर चालतात, कोन्याक आणि आर्मान्याक. कोन्याकचा प्रदेश शारांत नदीच्या काठी, समुद्राजवळ. माल होडीत घातला की थेट परदेशी जहाजावर. त्यामुळे तिथे बड्या व्यापारी पेढ्या उभ्या राहिल्या. आज कोन्याकच्या वर्षाला पंधरा कोटींच्या आसपास बाटल्या खपतात.

आर्मान्याक हा नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गास्कनीचा माल. जेर्स, लांद आणि लोत-ए-गारोन या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. समुद्र लांब, पूर्वी वाहतूक बैलगाडीची. इथला शेतकरी मका पेरतो, बदकं आणि हंस पाळतो, थोडी गुरं ठेवतो आणि सोबत द्राक्षबाग राखतो. ब्रँडी हे त्याच्या शेतीतलं एक पीक. या प्रदेशाची हद्द १९०९ मध्ये सरकारी हुकमाने आखली गेली आणि १९३६ मध्ये नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. तीन उपविभाग आहेत. पश्चिमेकडच्या बा-आर्मान्याकमध्ये लोहयुक्त, आम्लधर्मी वाळूची जमीन. मधल्या तेनारेझमध्ये चिकणमाती आणि चुनखडी. पूर्वेच्या ओ-आर्मान्याकमध्ये बहुतांशी चुनखडी. वाळूतला माल नाजूक आणि लवकर तयार होणारा, चिकणमातीतला आडमुठा पण दीर्घायुषी, असा तिथला अनुभव.

बाटलीवर साल येण्याचं मूळ या लहान शेतांतच आहे. मोठी पेढी शेकडो शेतकऱ्यांकडून निरनिराळ्या वर्षांचा माल घेते आणि तो अशा बेताने मिसळते की गिऱ्हाइकाला दरवर्षी तीच चव मिळावी. तिथे एखादं साल वेगळं दाखवणं म्हणजे उलट अडचण. पण ज्या घरची वर्षाकाठी चार-पाचच पिंपं भरतात, त्याच्याकडे मिसळायला असतं काय? तो पिंपाच्या तोंडावर खडूने साल आणि द्राक्षाची जात लिहितो आणि पिंप कोठीत लोटतो. पुढे ट्रॅक्टर घ्यायचा झाला किंवा घरात कार्य निघालं, की त्यातलं एक विकतो. एका सालची ब्रँडी ही आधी लहान शेतकऱ्याची सोय होती. ती शौकिनांच्या कौतुकाची गोष्ट झाली त्यानंतर.

लानपॅक्स गावचं डेलोर घराणं हे यातलं एक परिचित उदाहरण. १८९३ मध्ये प्रॉस्पेर डेलोर या फिरत्या भट्टीवाल्याने सुरू केलेला व्यवसाय आजही घरातच आहे. ज्यांना स्वतः बाटल्या भरणं आणि विकणं जमत नाही, त्यांच्यासाठी वेगळी वाट निघाली. फ्रान्सिस दारोझ यांनी १९७४ मध्ये बा-आर्मान्याकमधल्या छोट्या शेतांवरची पिंपं विकत घ्यायला सुरुवात केली आणि ती न मिसळता त्या त्या शेताच्या नावाने आणि सालाने बाटलीत भरली. लेबलावर शेताचं नाव आणि साल, दोन्ही वाचायची सवय गिऱ्हाइकाला लागली त्यात या पेढीचा मोठा वाटा आहे.

आंबट द्राक्ष, पातळ वाइन

खायला गोड ते द्राक्ष चांगलं, असं आपण धरून चालतो. ब्रँडीचा हिशेब उलटा आहे. गास्कनीत मुख्यतः चार जाती लावतात: युनी ब्लां, बाको, फोल ब्लांश आणि कोलोंबार. यातल्या युनी ब्लांचा रस पातळ, आंबट आणि साखरेला बेताचा. त्याची वाइन नऊ टक्के मद्यार्काच्या आसपास भरते आणि नुसती प्यायला बेचव लागते.

आता गणित करून पाहू. नऊ टक्क्यांच्या वाइनपासून पंचावन्न टक्क्यांचं मद्य काढायचं तर साधारण सहा लिटर वाइनचं एक लिटर होतं. म्हणजे मद्यार्कासोबत वर चढणारे वासाचे घटकही सहापट घट्ट होतात. तेच द्राक्ष गोड असतं आणि वाइन तेरा टक्क्यांची झाली असती, तर चारच लिटरांत काम भागलं असतं आणि सुगंध चौपटीवर थांबला असता. बेचव वाइनपासून वासाळ ब्रँडी होते ती अशी.

आंबटपणाचा दुसरा उपयोग राखणीचा. साध्या वाइनमध्ये ती बिघडू नये म्हणून गंधकाचं संयुग घालतात. ब्रँडीच्या वाइनमध्ये ते चालत नाही, कारण भट्टीत त्याचा दर्पही घट्ट होऊन वर येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात आंबलेली वाइन भट्टी लागेपर्यंत तिच्या अंगच्या आम्लावर आणि हिवाळ्याच्या थंडीवर टिकवायची असते.

बाकोची कथा थेट त्या किडीशी जाऊन भिडते. फिलॉक्सेरावर फ्रान्सने शोधलेला मुख्य उपाय कलमांचा होता. खाली अमेरिकी जातीचा खुंट, कारण ती कीड मूळची अमेरिकेची आणि तिथल्या वेलींच्या मुळांना ती सोसते. वर फ्रेंच जात. नाशिकच्या बागायतदाराला हे नवीन नाही. त्याच्या बागेत क्षार आणि पाण्याच्या ताणापायी लावलेला डॉगरिजचा खुंट अमेरिकीच आहे. गास्कनीची जुनी लाडकी फोल ब्लांश मात्र कलम केल्यावर जोमाने वाढू लागली, घड दाटले आणि सडू लागले. लांद जिल्ह्यातले शिक्षक फ्रांस्वा बाको यांनी १८९८ मध्ये फोल ब्लांश आणि 'नोआ' या अमेरिकी रक्ताच्या जातीचा संकर केला. तीच 'बाको २२ ए'. अमेरिकी रक्ताच्या संकरित जातींना फ्रान्सच्या नामांकित मद्यांत सहसा मज्जाव असतो. आर्मान्याकने बाकोला दार उघडं ठेवलं. वाळूच्या जमिनीत तिची ब्रँडी भरदार होते आणि पिंपात दीर्घकाळ टिकते. म्हणून जुन्या सालांच्या बाटल्यांत बाको वारंवार भेटते.

चाकांवरची भट्टी

कोकणात काजूचा हंगाम आला की भट्ट्या पेटतात. गास्कनीत हा हंगाम नोव्हेंबरपासून सुरू होतो आणि कायद्याने पुढच्या ३१ मार्चपर्यंत संपवावा लागतो. लहान शेतकऱ्याकडे स्वतःची भट्टी नसते. भट्टीवाला आपलं तांब्याचं धूड गाड्यावर लादून गावोगाव फिरतो आणि एकेका घरच्या अंगणात उभं करतो. सरपण त्या घरचं, जेवणही त्या घरचं. भट्टी एकदा पेटली की रात्रंदिवस चालते, पाळीपाळीने कुणीतरी जागत बसतं, शेजारीपाजारी येतात, निखाऱ्यावर बदकाचं मांस भाजलं जातं. आता फिरत्या भट्ट्या कमी झाल्या असल्या तरी प्रथा पुरती बुडालेली नाही.

गोव्याच्या फेणीत किंवा कोन्याकमध्ये भांडं भरायचं, उकळायचं, रिकामं करायचं आणि निघालेला माल पुन्हा उकळायचा, अशी पद्धत असते. आर्मान्याकची भट्टी वेगळी आहे. तिच्यात वाइन एका बाजूने सतत येत राहते आणि मद्य दुसऱ्या बाजूने सतत गळत राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचं हे रूप ठरलं. तिचा प्रवास पायरीपायरीने पाहू.

भट्टीचे दोन उंच भाग शेजारी शेजारी असतात. एका भागात तांब्याची वेटोळी नळी आणि तिच्याभोवती थंड वाइन. ही वाइन दुहेरी काम करते. नळीतून उतरणाऱ्या गरम वाफेला ती थंड करते, आणि ते करता करता स्वतः तापत वर चढते. जी उष्णता पाण्यात वाया गेली असती ती इथे वाइन तापवायला कामी येते. तापलेली वाइन वरून दुसऱ्या भागात, म्हणजे मनोऱ्यात, शिरते. मनोऱ्यात एकाखाली एक तांब्याच्या ताटल्या बसवलेल्या असतात आणि तळाशी विस्तव. वाइन एका ताटलीवरून खालच्या ताटलीवर ओघळत जाते. तळातून उठलेली वाफ तिला भेदत, बुडबुडे काढत वर येते. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. म्हणून प्रत्येक ताटलीवर वाफ थोडा मद्यार्क आणि वास उचलते आणि थोडं पाणी मागे टाकते. तळाशी पोचेपर्यंत वाइनमधला मद्यार्क संपलेला असतो. उरलेलं पाणी बाहेर सोडतात. वर गेलेली वाफ वेटोळ्या नळीतून उतरते, थंड होते आणि धार लागते. ती पाण्यासारखी नितळ असते. ब्रँडीचा रंग अजून जन्मालाच आलेला नाही.

ही धार किती तीव्र असावी, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आर्मान्याक बहुधा ५२ ते ६० टक्क्यांवर काढतात. कोन्याक दोनदा उकळून ७० ते ७२ वर नेतात. साखर कारखान्याच्या मळीपासून निघणारं तटस्थ मद्य ९६ टक्क्यांवर जातं. तीव्रता जितकी वाढवाल तितके मूळ फळाचे जड घटक मागे राहतात. ९६ वर द्राक्ष आणि ऊस यांत फरकच उरत नाही. ५५ वर भरपूर काही सोबत येतं, चांगलं आणि खडबडीतही. म्हणून ताजी आर्मान्याक घशाला ओरखडते. तिला वठणीवर आणायला लाकूड आणि वर्षं लागतात.

पिंपातली वर्षं

पिंप ओकचं, साधारण ४०० लिटरचं. फळ्या करवतीने न कापता रेषेनुसार फाडतात, म्हणजे नसा तुटून गळती लागत नाही. मग त्या दोन-तीन वर्षं उघड्यावर पाऊसपाण्यात ठेवतात. लाकडातला कडवटपणा त्यात धुऊन जातो. पिंप वळवताना आतून आगीने शेकतात. त्या शेकण्यात लाकडाचे घटक तुटतात, आणि व्हॅनिलाचा वास देणारा घटक तिथेच तयार होतो.

नितळ मद्य आधी नव्या पिंपात जातं. सहा महिने ते दोनेक वर्षांत ते रंग घेतं, तुरटपणा घेतं. त्याहून जास्त ठेवलं तर तोंडात लाकडाखेरीज काही उरणार नाही, म्हणून मग जुन्या, चव देऊन दमलेल्या पिंपात हलवतात. तिथे लाकडाचं काम देण्याचं कमी आणि श्वास घेऊ देण्याचं जास्त. फळ्यांतून प्राणवायू हळूहळू आत येतो, मद्याशी संयोग पावतो. पहिल्या दहा वर्षांत सुक्या आलुबुखाराचा, मनुकांचा, संत्र्याच्या सालीचा वास उमटतो. पुढे अक्रोड, जुनं चामडं, पावसाळी रानातली भुई असा एक खोल दर्प येतो. मद्यातली स्निग्ध आम्लं वर्षानुवर्षं प्राणवायूच्या सहवासात बदलत जातात त्याचा हा परिणाम. हा दर्प घाईने आणता येत नाही.

हवा आत येते तसं मद्य बाहेरही जातं. माठातलं पाणी पाझरून उडावं तसं ते फळ्यांतून उडतं. फ्रेंच लोक या तुटीला देवदूतांचा वाटा म्हणतात. गास्कनीत ती वर्षाला दोन-तीन टक्के भरते. दोन टक्के धरले तर ४०० लिटरचे दहा वर्षांत सुमारे ३२७ उरतात, वीस वर्षांत २६७, चाळीस वर्षांत १७८. पाण्याचा आणि मद्यार्काचा उडण्याचा वेग मात्र सारखा नसतो. कोठी दमट असेल तर पाणी कमी उडतं आणि मद्यार्क जास्त, त्यामुळे मद्य सौम्य होत जातं. कोरड्या कोठीत पाणी आधी पळतं आणि तीव्रता टिकून राहते. म्हणून तिथले शेतकरी एकच पिंप काही वर्षं ओलसर मातीच्या जमिनीवर आणि काही वर्षं कोरड्या जागी ठेवतात. बरीच छोटी घराणी पाणी न घालता, पिंपात वर्षांनी जी तीव्रता आणून ठेवली तिच्यावरच बाटली भरतात. म्हणून लेबलावर ४२.७ किंवा ४६.३ असा अवघड आकडा दिसतो. विक्रीसाठी ४० टक्के ही किमान अट आहे.

शेवटी एक वेळ येते की लाकडात आणखी ठेवलं तर माल वाळून जाईल. तेव्हा ब्रँडी वेताच्या वेष्टणातल्या मोठ्या काचेच्या बुधल्यांत काढून बुचाने बंद करतात. काचेत हवा फिरत नाही, लाकूड नाही, त्यामुळे बदलही थांबतो.

साल एक, वय दुसरं

आता लेबलाकडे परत जाऊ. मोठ्या आकड्यांतलं साल हे तोडणीचं साल आहे. १९८५ च्या सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन १९८६ च्या जानेवारीत भट्टीवर चढली असली, तरी लेबलावर १९८५ च येणार. त्यात दुसऱ्या सालाचा थेंबही मिसळता येत नाही. उडालेल्या मालाची भरपाई करायची तर त्याच सालच्या दुसऱ्या पिंपातून. आणि साल लिहून विकायचं तर पिंपात किमान दहा वर्षं काढलेली हवीत.

पण वय मोजायचं ते लाकडातलं. १९८५ चा माल २००५ मध्ये पिंपातून थेट बाटलीत भरला असेल तर ती सुमारे वीस वर्षांची ब्रँडी, आजही वीस आणि पुढच्या पिढीच्या हातीही वीसच. तोच माल २०२० पर्यंत पिंपात राहिला असेल तर ती चौतीस-पस्तिसाची. दोन्ही बाटल्यांवर १९८५ आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून चांगली घराणी मागच्या चिठ्ठीवर बाटली भरल्याची तारीखही छापतात, आणि जाणकार आधी ती शोधतात. व्हीएस, व्हीएसओपी, एक्सओ ही अक्षरं या हिशेबाच्या बाहेरची. तो मिसळलेला माल, आणि त्यातल्या सर्वांत कोवळ्या भागाचं वय अनुक्रमे किमान एक, चार आणि दहा वर्षं, इतकंच ती सांगतात.

शेतकऱ्याने खडूने लिहिलेल्या आकड्यावर जगाने विश्वास का ठेवावा? एक तर वही. कोणत्या सालची किती वाइन, किती मद्य, कोणत्या पिंपात, यंदा किती तूट, याची नोंद ठेवावी लागते आणि तिच्यावर एओझ गावातल्या आर्मान्याकच्या व्यावसायिक संस्थेची देखरेख असते. कोन्याकमध्ये साल लिहायच्या मालाची पिंपं मोहोरबंद ठेवतात किंवा कोठीला दोन कुलपं लावतात.

दुसरा साक्षीदार हवेतला आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुस्फोटांनी वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर तो वर्षागणिक उतरत गेला. वेल ज्या वर्षी हवेतला कार्बन घेऊन साखर करते, त्या वर्षाचं प्रमाण त्या साखरेत आणि पुढे मद्यार्कात कायमचं राहतं. प्रयोगशाळेत ते मोजून जुन्या मद्यांची सालं तपासतात. १९३८ म्हणून विकलेल्या बाटलीत स्फोटांनंतरचा कार्बन सापडला की लबाडी उघडी पडते. या परीक्षेलाही तोडणीचंच साल कळतं. ती ब्रँडी लाकडात किती वर्षं होती हे कार्बन सांगू शकत नाही. त्यासाठी वही आणि घराण्याची अब्रू याच दोन गोष्टी.

नाशिकची १९८५ का नाही?

महाराष्ट्र द्राक्षांचं राज्य. मग अशी बाटली इथे का नाही? पहिलं कारण, आपल्याकडे 'ब्रँडी' या नावाखाली जे सर्वांत जास्त खपतं ते बहुतांशी मळीपासूनचं तटस्थ मद्य आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार 'ब्लेंडेड ब्रँडी'त शुद्ध द्राक्ष ब्रँडी किमान दोन टक्के असली तरी चालते. निव्वळ द्राक्षाची ब्रँडी नाशिकमध्ये झालेली आहे. सुला कंपनीची 'जॅनस' ही त्यातली. पण तो एका मोठ्या कंपनीचा माल आहे, शेतकरी घराण्याचा नव्हे.

दुसरं कारण द्राक्षाचं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वाढत्या उन्हात पिकणारं आपलं थॉमसन सीडलेस खाण्यासाठी निवडलेलं आहे: साखर भरपूर, आम्ल कमी. वर सहापट आणि चौपटीचं जे गणित केलं, त्यात ते मागे पडतं. वाइनच्या जाती लावून, आंबट असतानाच खुडून यावर तोडगा काढता येईल.

तिसऱ्या कारणावर, म्हणजे उन्हावर, तोडगा सोपा नाही. बेंगळुरूच्या व्हिस्की उत्पादकांचा अनुभव सांगतो की तिथली तूट वर्षाला दहा टक्क्यांच्या घरात जाते. त्या दराने ४०० लिटरच्या पिंपात दहा वर्षांनी १४० लिटर उरतील, वीस वर्षांनी जेमतेम ४९. नाशिकच्या एप्रिलमध्ये पाणी पळेल, कोलकात्याच्या आषाढात मद्यार्क. उष्णतेने लाकडाचा रंग आणि तुरटपणा झटपट उतरतो खरा, पण अक्रोडी दर्पासाठी लागणारा संथ काळ मिळण्याआधीच पिंप कोरडं पडतं. त्यामुळे उद्या एखाद्या नाशिककर घराण्याने सालाची ब्रँडी काढलीच, तर ती पाच-सात वर्षांतच बाटलीत भरणं शहाणपणाचं ठरेल. गास्कनीचा दहा वर्षांचा नियम इथे जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की १८८३-८४ च्या कोलकात्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात भारतीय वाइन मांडल्या गेल्या होत्या आणि त्यांचं बरं स्वागतही झालं होतं. त्याच सुमारास काश्मीरच्या महाराजांनी फ्रेंच वेली आणवून दल सरोवराकाठी गुपकारला मद्यशाळा उभारली होती. थंड हवा, फ्रेंच वेल, फ्रेंच कारागीर, सगळं जुळत आलेलं. १८९० च्या सुमारास तिथेही फिलॉक्सेरा पोचली.

बाटली हातात आल्यावर

वाइनची बाटली आडवी ठेवतात, ब्रँडीची उभी. चाळीस टक्क्यांवरचा मद्यार्क बुचाला लागून राहिला तर बूच भुसभुशीत होतं. कोलकात्याच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात लेबलाला बुरशी धरते, म्हणून बाटली कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. लेबल गेलं की साल गेलं आणि बाटली भरल्याची तारीखही. उघडल्यावर काही महिने चव टिकते. अर्धीहून रिकामी झाली की आतली हवा वास पुसायला लागते. तेव्हा छोट्या बाटलीत ओतून ठेवावी.

प्यायची तर तोंडाशी निमुळत्या पेल्यात थोडीशी, पाण्याविना, सोड्याविना. मेणबत्तीवर पेला तापवण्याचा थाट सिनेमात ठीक. त्याने मद्यार्काचा भपकारा तेवढा नाकात जातो. ओतून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काम होतं. सर्दीवरच्या दोन चमच्यांबद्दलही सांगायला हवं. १३१० च्या सुमारास एओझचा मठाधिपती व्हिताल दू फूर याने या मद्याचे चाळीस गुण नोंदवले, म्हणजे औषध म्हणून त्याची ख्याती आपल्या आजीपेक्षा बरीच जुनी. मात्र मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. तान्ह्या मुलाच्या छातीला ब्रँडी तर मुळीच चोळू नये, कारण ती त्वचेतून अंगात भिनते.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. जन्मसालाची किंवा लग्नाच्या सालाची बाटली पन्नाशीला भेट देण्याची टूम आता आपल्याकडेही आली आहे, आणि दुकानदार सालाच्या आकड्यावरच किंमत सांगतो. त्याला तीन प्रश्न विचारावेत. तोडणीचं साल कोणतं? बाटली कधी भरली? शेत कुणाचं? पहिल्याचं उत्तर लेबलावर ठळक असतंच. दुसऱ्याचं मागच्या चिठ्ठीवर मिळालं नाही, तर आपण वयाचे पैसे मोजतोय की नुसत्या आकड्याचे, हे ठरवायला काही आधार राहत नाही. तिसऱ्याचं उत्तर म्हणून एखाद्या शेताचं आणि गावाचं नाव आलं, की ती ब्रँडी कोणत्या मातीतून, कुणाच्या कोठीतून आली हे ताडून पाहता येतं. साहेबाच्या ब्रँडी-पानीला या तिन्हींचं उत्तर नव्हतं, आणि पाण्यात मिसळून प्यायची असल्याने त्याचं काही अडलंही नाही. जी पाण्याशिवाय प्यायची, तिचं मात्र कूळ आणि वय, दोन्ही विचारावं.